चार बैठका

केप्याहून मॉरिस आली ती ट्रकाच्या पाठीवर,
चारही चाकं दोरखंडानं बांधलेली.
एर्मेलिंदाबाई पुढे, ड्रायव्हरशेजारी,
मांडीवर गाडीचे कागद, पोर्तुगीजमधले,
दोतोर बापाच्या सहीचे.
"चढ आला की दम सोडते," त्या म्हणाल्या.
"पूर्वी मळकर्ण्याच्या चढावर..." आणि थांबल्या.

मी टॅपेटचं झाकण काढलं.
बारा थाउचं पान आत शिरेना.
आठाचंही नाही.
गॅपच उरला नव्हता.
बिडाच्या बैठकीत व्हॉल्व्ह रुतत गेला होता,
आजारी माणूस जुन्या गादीत रुततो तसा,
रोज थोडा, कुणाच्या लक्षात न येता.

त्याचं असं आहे बाई,
जुन्या पेट्रोलात शिसं असायचं.
जळताना त्याची साय धरायची बैठकीवर,
व्हॉल्व्ह मिनिटाला हजारदा आपटला तरी
लोखंडाला लोखंड लागत नसे.
आता ते पंपावर मिळत नाही.
बरंच झालं म्हणा,
पोरांच्या रक्तात उतरायचं.
"म्हणजे विषानं हिला सांभाळली,"
बाई म्हणाल्या.
मी पाना पुसत राहिलो.

चार जुन्या बैठका कापून खाचा केल्या.
आता हेड तापवायला माझ्याकडे भट्टी नाही.
कुडचड्याच्या बाजारामागं रोमाल्द पदेराची आहे.
पहाटेचे पाव निघाले की
उरल्या धगीत ठेवू दिलं त्यानं,
वर बजावलं, "ग्रीस धुऊन आण रे,
उद्या गिऱ्हाइकं माझ्या पावाचं नाक धरतील."
आणि कडक पोलादाच्या चार कड्या
शेवंतीच्या टोपलीत, बांगड्यांखाली,
मीठ घातलेल्या बर्फात रात्रभर.

गरम पसरतं, गार आकसतं,
एवढ्यावर आमचा धंदा.
भट्टीच्या दारातच, उकिडवं बसून,
खाचेपेक्षा तीन थाउ जाड कडी
चिमट्यानं उचलून सोडली.
टुपकन बसली.
मग दोघं एका तापाला आली
आणि सुटायची बात संपली.
चारही होईस्तोवर माझ्या हाताला
पावाचा वास, माशाचा वास.

गॅरेजच्या कोपऱ्यात सगुण मेस्त, माझा उस्ताद,
प्लास्टिकच्या खुर्चीत.
चाळीस वर्षं त्यानं नळी तोंडात धरून
टाकीतलं पेट्रोल ओढलं, थुंकलं, पुन्हा ओढलं,
पेट्रोलनंच हात धुतले, त्याच हातानं जेवला.
"जुनं गोड लागायचं," म्हणायचा.
आता कपातला चहा बशीत, बशीतला सदऱ्यावर.
नावं गेली आहेत.
मला कधी मुलगा समजतो, कधी गिऱ्हाईक.
मडगावचे डॉक्टर म्हणाले,
कशानं ते सांगता येत नाही, वयही आहे.
मीही काही सांगत नाही.
फक्त हेड उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं,
तशी बोटं थरथरत कडेकडेनं फिरली
आणि चौथ्या बैठकीवर थांबली.
तिथं खरंच एक बर राहिली होती,
केसाएवढी.

घासलं, जोडलं, टायमिंग जरा मागं घेतलं.
तिसऱ्या चावीला गाडी बोलली,
पण वरून टॅपेट टिकटिकत होते.
"हा आवाज?" बाई चपापल्या.
गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून
मी स्क्रू आवळायला वाकलो,
तर खुर्चीतून मेस्त,
ज्याला माझं नाव आठवत नाही:
"राव रे. वाजूं दी ताका.
वाजता तो बरो.
गप्प रावलो काय जळ्ळो म्हण समज."

मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.
बाईंनी पैसे मोजले, दोनदा मोजले,
पहिला गिअर कचकन टाकला.
पुलापर्यंत आवाज येत होता,
मग रेल्वेचं फाटक, मग नारळ फोडणाऱ्याचा कोयता.
मला तो कधीच ऐकू येईनासा झाला.
मेस्ताची मान मात्र अजून तिकडंच होती,
आणि बशी, कशी कोण जाणे,
हातात स्थिर.